झाकलेलं भिक्षापात्र

मंडालेतल्या आमच्या गल्लीत दॉ म्या सेइनचा मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवया, खाल्ल्याशिवाय कुणाची सकाळ व्हायची नाही. आता तिची चूलच पेटत नाही.

आम्ही ज्यांना निवडून दिलं ते तुरुंगात, आणि लष्कराचं म्हणे नवं मतदान! गल्लीनं ठरवलं, कुणी जायचं नाही. मी तर आतून कडी लावून बसले. मला पोर ना बाळ, मला कसली भीती? पण म्या सेइनचा पोरगा, थेट नाइंग, ऐन भरतीच्या वयाचा. पकडून नेऊन बंदूक हातात देतील म्हणून तिनं त्याला माळ्यावर लपवलेला. वॉर्डाचा मुखिया, मेला, दारात येऊन गोड बोलला, "मावशी, मत तेवढं द्या. मग तुमच्या घराची झडती कोण कशाला घेईल?"

ती गेली. करंगळीला शाई लावून आली. कातडी सोलेपर्यंत घासली तरी जाईना, तेव्हा तिनं वर तनाखाचा, झाडाच्या सालीच्या पिवळ्या उटण्याचा, लेप थापला. अगं बाई, तनाखा आपण गालांना लावतो! करंगळीला कोण लावतं? अख्ख्या गल्लीला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भन्ते भिक्षेला आले. तिनं भाताचा डाव पुढे केला. भन्त्यांनी बोट पाहिलं आणि पात्रावर झाकण ठेवलं. लष्कराला साथ देणाऱ्या हातची भिक्षा ते घेत नाहीत.

"भन्ते, पोरासाठी केलं हो!" ती रस्त्यातच गुडघ्यांवर बसली. असा राग आला मला त्या म्हाताऱ्याचा! पण भन्त्यांना कोण बोलणार?

तेवढ्यात थेट नाइंग माळ्यावरून धडधडत खाली आला.

"वर जा, मुडद्या! तुला माझी शपथ आहे!"

"तुझा भात परत जाऊ देऊ होय, आई?" त्यानं तिच्या हातातला डाव घेतला. भन्त्यांनी त्याची कोरी करंगळी पाहिली आणि झाकण काढलं. त्यानं भात वाढला. समोर चहाच्या टपरीवर मुखिया कप हातात धरून बघत होता.

दुपारी ट्रक आला. शिपायांनी पोराला वर ओढलं, तशी म्या सेइननं तोंडात घालून बोटावरचा तनाखा चाटून पुसला.

"मी मत दिलंय! हे बघा, शाई आहे!" करंगळी उंच धरून ती ट्रकमागं धावली.

"शाब्बास, मावशी!" एक शिपाई वरून ओरडला, आणि ट्रक वळला.