अप्पांच्या फोटोची काळी चौकट

सकाळी निलंग्याहून एका ओळखीच्या दुकानदाराचा फोन आला. "ताई, अप्पा कधी गेले हो?"

अप्पा म्हणजे आमचं गिऱ्हाईक. निलंग्यात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानाची वेबसाइट आम्ही लातूरहून सांभाळतो. मी पान उघडलं. अप्पांच्या फोटोभोवती जाड काळी चौकट. आपल्याकडे पेपरात अशी चौकट दिसली की माणसं मजकूर वाचत नाहीत, थेट हार आणायला जातात.

तेवढ्यात खुद्द अप्पांचाच फोन. "जित्या माणसाला चौकटीत बसिवलंत की! व्याही हार घिऊन दारात उभारलेत. आजच्या आज काढा, न्हाई तर दुसरं दुकान बघतो."

बदल कुणी केला? आम्ही दोघीच. मी आणि बिलोलीची माझी सहकारी. प्रत्येक बदल भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा हा माझा नियम आहे. फळ्यावर तिच्या अक्षरात होतं: अप्पांचं पान, अक्षरं काळी. चौकटीबद्दल एक शब्द नाही. म्हणजे लपवलं. शिवाय आठवडाभर ती जिन्यात जाऊन हळू आवाजात फोनवर बोलत होती, आणि नांदेडला स्वतःचं ऑफिस टाकायचं म्हणून मागे एकदा बोललीही होती. गिऱ्हाईक आधी माझ्यावर चिडवायचं, मग उचलून न्यायचं. सगळं जुळत होतं. ती यायच्या आत मी पासवर्ड बदलला.

ती आली, बसली, दोनदा प्रयत्न केला.

"पासवर्ड बदललात, ताई?"

"हो. चौकट काळी कुणी केली?"

तिने उठून माझ्या स्क्रीनवर कोडमधली चौकटीची ओळ दाखवली. "हा तयार साचा हाय. जाडी लिहिलीय, सलग रेघ लिहिलीय. रंग कुठंय? रंग सांगितला न्हाई तर चौकट त्या भागातल्या अक्षरांचाच रंग घेती. अक्षरं हळदी होती तवर चौकट हळदी. अप्पा म्हणले अक्षरं काळी करा, म्हणून केली."

मी अप्पांना फोन लावला, स्पीकरवर.

"हाव, मीच म्हणलो. पिवळं दिसंना झालंय मला. पण अक्षरं काळी करा म्हणलो, मला न्हाई!"

ओळीच्या शेवटी मी हळदी रंग लिहिला आणि पान पुन्हा उघडलं. अक्षरं काळी, चौकट पिवळी. अप्पांनी तिकडून बघितलं. "झालो जिता. व्याह्याला आता चहा पाजतो. हार राहू द्या म्हणलो, दुकानातल्या गणपतीला घालू."

मी नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून तिच्यापुढे ठेवला. तिने चिठ्ठीला हात लावला नाही.

"नांदेडचं खरं आहे का?" मी विचारलं.

"सकाळपर्यंत नव्हतं, ताई."