फळ्यावरचं नाव

तुमच्या नावापुढे परक्या माणसाने काय लिहून ठेवलंय, ते तुम्ही शेवटचं कधी वाचलंत?

आम्ही वाचलं ते बंगळुरातल्या शिवाजीनगरात, आमच्याच मराठी लोकांच्या पतसंस्थेत. थकबाकीदारांच्या फळ्यावर, खडूने, माझ्या वडिलांचं नाव.

अण्णा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेथवर होते. तिथल्या फाटकावर वाटलेली युनियनची पत्रकं ते घरी आणत आणि त्यांवरच मी वाचायला शिकले. पतसंस्थेचं कर्ज त्यांनी एकही हप्ता न चुकवता फेडलं होतं. आता होसकोट्याला एक जुना लेथ विकायचा होता. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. अण्णांना नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचं होतं, त्यासाठी नवं कर्ज हवं होतं. थकबाकीदाराला कर्ज कोण देणार?

"स्वल्प थांबा अण्णा," सेक्रेटरी म्हणाले. "फळ्यावरचं नाव असं पुसता येत नाही. कमिटी बसावी लागते."

"लिहिताना बसली होती?" मी विचारलं.

"अण्णा, पोरीला पत्रकं जरा कमी वाचू द्या."

अण्णा कसनुसं हसले. ते हसू मी विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी पावत्यांचा डबा घेऊन मी एकटीच गेले आणि खात्याचं पान मागितलं. कारकुनाने भलतंच पान उघडलं. आमच्यासारखी जुनी घरं बंगळुरात आडनाव लावत नाहीत, नावाआधी एक अक्षर लावतात. त्याच अक्षराचा, त्याच नावाचा आणखी एक सभासद होता: सेक्रेटरींचा साडू. त्याच्या पानावर शेवटचे सहा हप्ते जमा होते आणि त्यांचे पावती नंबर माझ्या डब्यातले होते. आमच्या पानावर ते सहा रकाने कोरे.

सेक्रेटरींना दाखवलं. "कमिटीत बघू," म्हणाले. कमिटी बसली नाही. महिना संपला, लेथ दुसऱ्याने नेला.

मग मी पत्रक छापलं. शिवी एकही नाही. डावीकडे आमच्या पावत्यांचे नंबर, उजवीकडे साडूच्या पानावरचे. एका बाजूला मराठी, पाठीमागे कन्नड, म्हणजे वाचता आलं नाही असं कोणाला म्हणायला नको. वार्षिक सभेनंतर पतसंस्थेतच, त्या फळ्यासमोर पंगत बसली तेव्हा प्रत्येक केळीच्या पानाशेजारी एक ठेवलं. सेक्रेटरींना स्वतःच्या हाताने दिलं.

वाढपी थांबले. कोणीतरी ओरडलं, "सेक्रेटरी, आधी फळा, मग पायसम!"

ते उठले. रुमालाने नाव पुसू लागले.

"पुरे, चल," अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले.

"पुरे नाही," मी मोठ्याने म्हणाले. "पुसलेलं कोण वाचणार? तिथेच लिहा. तेवढ्याच मोठ्या अक्षरात. कर्ज पूर्ण फेडलं, चूक संस्थेची."

त्यांनी लिहिलं. खडू ठेवून खाली मान घालून जागेवर बसले. मला दया आली नाही, आजही येत नाही. अण्णा पुढेही दुसऱ्याच्याच लेथवर उभे राहिले.

म्हणून सांगते, उद्याच तुमच्या बँकेत, पतसंस्थेत जा. खात्याचं पान उघडायला लावा आणि एकेक पावती ताडून बघा. चूक निघाली तर कमिटीची वाट बघू नका. ज्याने लिहिली, त्याच्याच हाताने, चारचौघांत दुरुस्त करून घ्या.