फेकायचं रक्त

माझं तोंड लालबुंद दिसायला लागलं तेव्हा मूल गावातल्या राइस मिलमधल्या सोबत्यांनी मोहाच्या दारूवरून चिडवायला सुरुवात केली. "काहो भाऊ, सकाळीच का?" अरे, मी थेंबाला शिवत नव्हतो! विहारात पंचशील म्हणणारा माणूस मी. टाळकंच फिरायचं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात कारण कळलं. माझ्या अंगात रक्त गरजेपेक्षा जास्त तयार होत होतं, आणि हा रक्ताचाच एक कॅन्सर होता, क्वचित कुणाला होणारा. उपाय काय, तर अधूनमधून बाटलीभर रक्त काढून टाकायचं. तिथले आणि मुंबईचे डॉक्टर मिळून या आजाराचा अभ्यास करत होते, म्हणून आम्हा मोजक्या पेशंटांना एकाच दिवशी बोलवायचे. बाकावर बसून आम्ही एकमेकांना विचारायचो, "आंघोळ केल्यावर तुमचंबी अंग खाजते का?" तेवढ्यानंही धीर यायचा.

घरी मात्र कॅन्सर हा शब्द काढायची सोय नव्हती. लोक आमच्या घरचं पाणी पिणार नाहीत, ही भीती. पाण्यावरून आमच्या घरानं आधीच काय कमी सोसलं होतं? हातावरची पट्टी बघून कुणी विचारलं तेव्हा मी बोलून गेलो, "रक्तदान करून राह्यलो." झालं! जयंतीला विहारात माझ्या गळ्यात हार पडला. मीही तो घालून घेतला, निर्लज्जासारखा.

त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्या शेजारणीची मुलगी सिकलसेलनं, रक्ताच्याच आजारानं, फार खालावली. तिला त्याच दवाखान्यात भरती केलं होतं. त्या दिवशी माझीही रक्त काढायची पाळी होती. मी खाटेवर पडलो होतो, बाटली भरत आली होती, आणि शेजारीण धावतच आत आली.

"भाऊ, बरं झालं तुमी भेटले! पोरीले आताच रक्त पाह्यजे, कुठीच मिळून नाई राह्यलं. हे तिलेच द्या ना." तिनं बाटलीला हात लावला.

नर्स ओरडली, "बाई, ते फेकायचं रक्त आहे!"

शेजारीण माझ्याकडे बघतच राहिली. "मले कॅन्सर हाय, बाई," मी कसंबसं म्हणालो. "दानगिन काई नाई. खोटं सांगतलं मी."

बाहेरच्या बाकावर नागभीडची एक म्हातारी होती, आमच्यातलीच पेशंट. तिनं सगळं ऐकलं आणि सोबत आलेल्या मुलाला म्हणाली, "ऊठ, बाही वर कर." त्याचं रक्त तपासलं, पोरीशी जुळलं.

संध्याकाळी मी शरमेनं मरत पोरीच्या खाटेशी गेलो. बाटली चालू होती, पोरगी झोपली होती. शेजारीण काय बोलेल ते ऐकून घ्यायची मनाची तयारी केली होती. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिनं स्टूल पुढे सरकवलं. "बसा, भाऊ. एवढं एकट्यानंच सोसून राह्यले? दुखते का लय?"

नाही म्हणालो, आणि भिंतीकडे तोंड करून रडलो.