त्रेचाळीस खोल्या

चर्चासत्राची पत्रिका मोबाइलवर आली तेव्हा मी ती तीनदा वाचली. शेजारच्या जिल्ह्याच्या जिल्हा परिषदेच्या एका माजी अध्यक्षांच्या कार्यकाळाचं पुनर्मूल्यांकन, एकदिवसीय, राज्यस्तरीय, नागपुरातल्या एका कॉलेजात. या अध्यक्षबाई शेतकरी घरातल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या काळात मी त्याच जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात कनिष्ठ सहायक होतो. वय चोवीस. प्रत्येक शाळेला पुरेशा खोल्या हा त्यांचा एकमेव हट्ट, आणि बांधून झालेल्या खोल्यांचा तक्ता करणं हे माझं काम.

तो तक्ता चुकला होता, आणि चूक माझी होती.

झालं असं की, मार्च जवळ आला की आढावा बैठकीत कमी आकड्यावरून तालुक्यांना सगळ्यांसमोर झापलं जायचं. म्हणून तालुक्यांनी एक रीत पाडून घेतली होती. स्लॅब पडला की खोली ‘पूर्ण’ म्हणून कळवायची. दारं, खिडक्या, फरशी मग सावकाश. पुढच्या वर्षी ती खरोखर पूर्ण झाली की रीतसर दाखला यायचा, आणि तीच खोली पुन्हा ‘पूर्ण’च्या रकान्यात बसायची. मी गावांची नावं ताडून न पाहता दोन्ही वर्षांची बेरीज केली. त्रेचाळीस खोल्या दोनदा मोजल्या गेल्या. वार्षिक अहवाल छापून आल्यावर माझ्या ते लक्षात आलं. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “पुढच्या अहवालात शुद्धिपत्रक लावू.” पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली, बाईंची मुदत संपली आणि मी गप्प बसलो.

नंतर कोणीतरी गावोगावी फिरून खोल्या मोजल्या. अहवालापेक्षा त्रेचाळीस कमी भरल्या. त्या कमी का भरल्या, हे मला माहीत होतं. जिल्ह्यात मात्र एकच बोललं गेलं, बाईनं खोल्या खाल्ल्या.

मी दोन पानांचं टिपण तयार केलं. जुना कच्चा तक्ता माझ्याकडं होताच. मी कागद फेकत नाही. त्रेचाळीस गावांची यादी, पहिल्या वर्षाची नोंद, दुसऱ्या वर्षाची नोंद, शेजारी शेजारी. झेरॉक्सच्या वीस प्रती काढल्या. बायको म्हणाली, “इतक्या वर्षांनी कोण विचारून राहिलं तुम्हाले? दोन वर्षं राहिली नोकरीची. त्या पत्रिकेत जेवण आहे का ते पाहा आधी.”

जेवण होतं. नोंदणीच्या टेबलावर एक पिशवी मिळाली, तिच्यात पेन, वही आणि शोधनिबंधांचं पुस्तक. ज्या निबंधांवर दिवसभर चर्चा व्हायची होती ते सगळे आधीच छापून, बांधून आलेले. मी शहराबाहेरच्या वाडीहून स्कूटरनं वेळेवर पोचलो होतो, ट्रकांच्या रांगेतून वाट काढत. उद्घाटन पन्नास मिनिटं उशिरा सुरू झालं. मग सत्कार. मी घड्याळ लावून बसलो. शाल, श्रीफळ, परिचय आणि पुन्हा शाल यांत एक तास दहा मिनिटं गेली. त्यानंतर सूत्रसंचालिकेनं सांगितलं, वेळेअभावी प्रत्येक निबंधाला पाचच मिनिटं.

पहिल्या प्राध्यापकांनी सांगितलं की इतक्या खोल्या कोणत्याच अध्यक्षानं बांधल्या नाहीत. पडद्यावर माझा तक्ता. दुसऱ्यांनी सांगितलं की त्यातल्या त्रेचाळीस खोल्या कागदावरच आहेत, म्हणजे स्त्री-नेतृत्व आणि भ्रष्टाचार यांचं नातं नव्यानं तपासावं लागेल. पडद्यावर पुन्हा माझाच तक्ता. मी हात वर केला. सत्राध्यक्ष म्हणाले, “प्रश्नोत्तरं जेवणानंतर.” जेवणानंतर दुसरं सत्र होतं आणि त्याचे वेगळे अध्यक्ष.

वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत बाई बसलेल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. पुढच्या खुर्च्यांवर पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्यांत त्यांची चिठ्ठी नव्हती. समारोपात त्यांना शाल द्यायची म्हणून बोलावलं होतं. त्या गावाहून सकाळच्या एसटीनं आल्या आणि मिळाली तिथं बसल्या. दुसऱ्या प्राध्यापकांचं सगळं भाषण त्यांनी ऐकलं होतं.

जेवणाच्या रांगेत मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी मला ओळखलं.

“तू तो तक्तेवाला बाबू ना गा? तवा तं काडीसारखा होता. आता चांगलं पोट सुटलं.”

“हो बाई. मला तुम्हाला काही सांगायचं आहे.”

“सांग नं. वाढणारा पोरगा तं अजून वांग्याची भाजीच ढवळून राहिला.”

मी सांगितलं. स्लॅबची रीत, दोनदा धरलेल्या खोल्या, साहेब, शुद्धिपत्रक. यादी दाखवली. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि यादीवरून बोट फिरवत गावं मोठ्यानं वाचली. तीन-चार गावांपाशी थांबल्या. इथं शाळेमागं विहीर होती, इथल्या गुरुजींना फळा मोठा पाहिजे होता, असं म्हणाल्या. मग माझ्याकडं पाहिलं.

“हे तुले तवाच समजलं होतं?”

“अहवाल छापल्यावर. महिनाभरात.”

“मंग मले काहून नाई सांगितलं? मी तं रोज हापिसात येत होतो. तुया टेबलाजवळून जात होतो.”

मी पिशवीतल्या वीस प्रती काढून दाखवल्या. त्यांनी त्या हातात घेतल्या नाहीत.

“गावात अजून म्हणतात गा,” त्या म्हणाल्या. “सुनेच्या माहेरी म्हणतात. लग्नात पंगतीले बसली तं कोणीतरी म्हणते, बाईले वाढा, बाईले खोल्या पचतात.”

मी तडक संयोजकांकडं गेलो. ते चांगले गृहस्थ, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. टिपण उभ्या उभ्या चाळलं.

“सर, हे इंटरेस्टिंग आहे. पण याला प्रकाशित आधार काय?”

“प्रकाशित आकडाच चुकला आहे. तो मीच तयार केला होता.”

“तसं तुम्ही म्हणता. संदर्भ म्हणून आम्हाला छापील अहवालच धरावा लागतो.”

“त्या अहवालातला तक्ता ज्यानं केला तो तुमच्यासमोर उभा आहे.”

“बरोबर आहे सर, पण तुम्ही प्रकाशित नाही ना.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पुढच्या वर्षी पेपर पाठवा. मुदत बघून.”

दुपारभर मी आणखी तिघांना गाठलं. आरोप करणाऱ्या प्राध्यापकांना स्टेशनवर जायचं होतं. त्यांनी प्रत घेतली, नीट घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, त्यांचा निष्कर्ष एकट्या त्या आकड्यावर उभा नाही. मी त्यांचा निबंध पुस्तकात दोनदा वाचला. दुसरा एकही आकडा नव्हता.

आमच्याकडच्या चर्चासत्रात शेवटी ‘सहभागींचे मनोगत’ असतं. एक-दोघांनी उठून व्यवस्था उत्तम, जेवण रुचकर, असं सांगायचं. त्यासाठी माणूस सहसा मिळत नाही. सगळे प्रमाणपत्राच्या रांगेत असतात. सूत्रसंचालिका खुर्च्यांमधून विचारत फिरत होती. मी म्हणालो, “मी बोलतो.” ती इतकी खूश झाली की विषयही विचारला नाही.

बाईंना शाल दिली गेली. माइक दिला नाही. मग माझं नाव पुकारलं. व्यवस्था, जेवण यांना मी एक वाक्य दिलं आणि तक्त्याकडं वळलो. गावांची नावं घेऊन दोन्ही वर्षांच्या नोंदी वाचायला लागलो. सातव्या गावाला चिठ्ठी आली, ‘कृपया समारोप करा’. मी नववं गाव वाचलं आणि शेवट सांगितला. एकही खोली कागदावरची नाही, त्रेचाळीस खोल्या मी दोनदा मोजल्या, बाईंनी एकही खाल्लेली नाही.

समारोपाचे अध्यक्ष माइकजवळ आले. “सरांनी एक वेगळा दृष्टिकोन मांडला, त्याचं स्वागत करू या.”

“सर, हा दृष्टिकोन नाही, ही वजाबाकी आहे,” मी म्हणालो.

लोक हसले. टाळ्याही वाजल्या. लगेच आभार प्रदर्शन सुरू झालं, त्यात मंडपवाल्याचं नाव आलं, तक्त्याचं आलं नाही. मी वाटलेल्या प्रती खुर्च्यांवर पडल्या होत्या. एकीवर कोणीतरी चहाचा कप ठेवला होता. पुस्तक तर सकाळीच छापून वाटून झालं होतं.

बाई व्हरांड्यात उभ्या होत्या, शाल पिशवीत कोंबलेली.

“बोललास चांगला,” त्या म्हणाल्या. “पण हे सारे आता घरी जातील नं गा. मले काहीतरी लिहून दे. सहीचं. कोणी म्हटलं तं त्याच्या हाती देईन.”

मी खांबाला वही टेकवली. पिशवीतल्या त्याच पेननं लिहायला लागलो. हुद्दा, तेव्हाचा आणि आताचा. नोकरीची दोन वर्षं बाकी आहेत हे लिहिताना डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू. सही करून त्यांना कागद दिला. त्यांनी परत माझ्या हातात ठेवला. “तुयं अक्षर मले लागत नाई. वाचून दाखव.”

मी वाचलं. “...सदर खोल्या माझ्याकडून नजरचुकीने दोन वेळा मोजल्या गेल्या व पुढे दुरुस्ती करावयाची राहून गेली...”

“थांब,” त्या म्हणाल्या. “मोजल्या त्या नजरचुकीनं, ते ठीक हाय. पण राहून कशी गेली? तुले तं महिन्याभरात समजलं होतं.”

एसटीची वेळ होत होती. कॉलेजचा शिपाई दिवे बंद करत आमच्याकडं येत होता. मी ‘करावयाची राहून गेली’ यावर रेघ मारली, वर लिहिलं, ‘मला माहीत असूनही मी केली नाही’, आणि ऑफिसात करतो तशी खोडलेल्या जागेशेजारी छोटी सही केली.

“आता वाच,” बाई म्हणाल्या.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.