ड्रमवरचं नाव

त्या गल्लीत माझी ओळख आजही एकच आहे: नवऱ्याला पाइपाने बडवणारी बाई. पुंडलिकनगराजवळची ती गल्ली सोडून मला वर्षं लोटली, तिथे तीन-तीन मजली घरं उभी राहिली. तरी मंडईत जुनी शेजारीण भेटली की तिची नजर आधी माझ्या हातांकडे जाते. मला राग येतो. खोटं कशाला बोलू, थोडं हसूही येतं.

दुष्काळात आम्ही अजिंठ्याकडचं गाव सोडून शहराच्या कडेला, त्या गल्लीत आलो. नवरा कारखान्यात लागला, मुलगी शाळेत जाऊ लागली. शहर चहूबाजूंनी पसरत होतं. घरं आधी आली, नळ मागून यायचे होते, तोवर टँकर. प्रत्येक दारापुढे निळा ड्रम, त्याला कुलूप, आणि त्यावर ऑइलपेंटने घरातल्या पुरुषाचं नाव. टँकरवाला ते नाव मोठ्याने पुकारायचा, की त्या घरची बाई किल्ली घेऊन पळत यायची. जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून न काढणाऱ्या बाया त्या नावाला ‘आले, आले’ म्हणायच्या. मला त्याची भारी गंमत वाटायची.

माझं अक्षर चांगलं, म्हणून गल्लीतल्या बऱ्याच ड्रमांवर नावं मीच घातली होती. उन्हाने आमच्या ड्रमवरचं नाव उडालं तेव्हा तिथे मी माझं नाव लिहिलं. बंडबिंड काही नव्हतं. पाण्याला मी धावते, पाणी मी भरते, तर पुकारा माझा व्हावा, इतकंच डोक्यात होतं.

टँकरवाल्याने पुकारलं. नुसतं नाव, मागे ताई नाही की बाई नाही. टपरीवरचे पुरुष हसले. एकाने तेच नाव लाडात लांबवून म्हटलं. नवऱ्याची पाळी दुपारची होती, तो दारातच उभा होता.

ड्रममधून पाणी ओढायचा पाइप त्याच्या हाताला लागला. पहिला फटका कानावर बसला. मग पाठीवर, मग ज्या हाताने नाव लिहिलं त्या हातावर. करंगळी मोडल्याचा आवाज मी ऐकला.

“माझ्या दारात तुझं नाव? लई शानी झालीस व्हय?”

मग त्याने रॉकेलचा बोळा दिला आणि सगळ्यांदेखत ते नाव मला पुसायला लावलं. फुटलेल्या कातडीत रॉकेल उतरत होतं, आणि तो एकेक अक्षर बोटाने दाखवत होता. समोर गल्लीतल्या सगळ्या बाया उरल्या पाण्यासाठी घागरी घेऊन टँकरच्या रांगेला लागलेल्या. “नवरा-बायकोचं हाय, आपण कशाला पडायचं,” एक म्हणाली. जागा सोडली की नंबर गेला, हे मलाही ठाऊक होतं. तरी मी त्यांना माफ केलेलं नाही.

त्यानंतर टँकरचा दिवस म्हणजे माराचा दिवस झाला. टँकरची चाहूल लागली की मी मुलीला कुठेतरी पिटाळायची. शाळेत, दुकानात, मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीकडे. तिच्या डोळ्यांना ते दिसू नये, एवढं मी कटाक्षाने पाळलं.

एका रविवारी टँकर आला तोवर त्याच्या आंघोळीला घरात पाणी उरलं नव्हतं. त्याने पाइप उगारला. तो माझ्या हातात कसा आला ते आठवत नाही; आल्यावर काय झालं ते नीट आठवतं. खांद्यावर हाणलं, तोंडावर हाणलं. दात पडला, बनियन लाल झालं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

आणि मागे घागरी आपटल्याचा आवाज आला. बाया टँकर सोडून धावल्या. तसल्या दुष्काळात पाणी फुफाट्यात वाहत राहिलं, आणि कुणी माझे केस धरले, कुणी हात पिरगाळला. “अगं बाई, मरंल की त्यो! नवरा हाय तुझा!” त्याला वाचवायला बघता बघता अख्खी गल्ली आली. मुलगी तेवढ्यात दुकानातून परतली होती. ती उंबऱ्यावर उभी होती.

मी तिला घेऊन निघाले, शिवणकामावर तिला वाढवलं. तो पुढे दारूने गेला. मी झालं गेलं सगळं मिटवून टाकलं, असं मला वाटत होतं. मग परवा कशावरून तरी आमचं वाजलं आणि ती बोलून गेली, “तू बाबांना मारायचीस. मी पाहिलंय.”

मारायचीस! एकदाच घडलेल्या गोष्टीची तिने सवय करून टाकली होती. आणि तिचा तरी काय दोष? बाकीचं सगळं मीच तिच्यापासून लपवलं होतं. अंगाचा नुसता भडका उडाला. त्याच दुपारी मी लिहायला बसले. वाकड्या करंगळीने हात लवकर भरून येतो, तरी उठले नाही. कान, पाठ, रॉकेल, टपरीवरचं हसणं, सगळं लिहिलं आणि तिच्या पुढ्यात टाकलं.

तिने ओट्याशी उभ्याउभ्याच वाचलं. माझ्या वाकड्या करंगळीकडे बघितलं. मग म्हणाली, “आई, मग तू मारता मारता थांबलीस कशाला?”

“थांबले नाही गं,” मी म्हणाले. “धरलं होतं मला.”