भिकुबाईची मिसरी

दोंडाईच्यात मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बाया मिसरी घ्यायच्या त्या भिकुबाईकडूनच. तंबाखू तव्यावर कुठपर्यंत काळी होऊ द्यायची, हे तिच्या हाताला ठाऊक होतं.

"अक्का, तुन्ही मिसरी तोंडमा व्हई ना, मंग सासूना टोमनाबी गोड लागस," ताईबाई म्हणायची, आणि सगळ्या जणी भिकुबाईच्या सुनेकडे, सारिकाकडे बघून हसायच्या.

सारिका नवी नवी आली तेव्हा मिसरीला शिवतही नव्हती. पुढे तिची दाढ ठणकायला लागली. भिकुबाईनं मायेनं चिमूटभर मिसरी तिच्या गालात ठेवली. "दुखस तठेच दाब वं माय. बठ्ठं बरं व्हई जाई."

भिकुबाईचं स्वतःचं तेच चालायचं. डाव्या गालात आतून चट्टा पडला, तर तिनं त्याच्यावर मिसरी दाबली. हुळहुळलं, तर आणखी दाबली. तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं, त्यालाच ती गुण म्हणायची. गालावर गाठ हाताला लागली, तेव्हा मुलगा प्रेमराज तिला आणि सारिकाला घेऊन धुळ्याला गेला.

डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. "मावशी, शरीरात काही पेशी पहाऱ्यावर असतात. कुठे इजा झाली की पहिलं त्यांना कळतं. त्या सूज आणतात, नवं मांस धरायला लावतात आणि जखम भरली की माघारी जातात. बिघडलेली पेशी वेळेवर ओळखली, तर तिला मारतातसुद्धा. पण तुम्ही रोज तिथंच मिसरीनं भाजत राहिलात. त्या माघारी गेल्याच नाहीत. जखम भरायला त्यांनी जे आणलं, त्याच्यावरच ही गाठ पोसली."

"म्हंजे राखणदारनीच चोरले भाकर दिधी म्हन!" भिकुबाई म्हणाली.

"त्याला तो चोर वाटलाच नाही, मावशी. जखम वाटली."

सारिका खाली बघत होती. तिचा डावा गाल किंचित फुगलेला होता. आत मिसरीच होती, हे भिकुबाईनं ओळखलं. इथं सगळ्यांदेखत काय बोलायचं? घरी गेल्यावर मिसरी सोड म्हणून सांगू, असं तिनं ठरवलं. पण त्याच दिवशी तिला भरती करून घेतलं.

ऑपरेशनमध्ये गाल गेला, निम्मी जीभ गेली. मांडीची कातडी तोंडाला लावली. घरी आली तेव्हा तोंडातून शब्दाऐवजी नुसता घोगरा आवाज निघायचा. ती पदर नाकापर्यंत ओढून बसायची. आरशासमोर जात नव्हती, सुनेलाही तोंड दाखवत नव्हती.

एका सकाळी ओट्यावर बसली असताना तिला ओळखीचा वास आला. चुलीवर तवा होता. बायांनी गळ घातली म्हणून सारिका मिसरी भाजत होती. गालात तिची स्वतःची होतीच.

भिकुबाई उठली. फडक्यानं धरून तवा उकिरड्यावर उपडा केला. सारिका चिडली. "अक्का, हाई काय करं तू?"

भिकुबाई काहीतरी बोलली. सारिकाला त्यातलं काही कळलं नाही. मग भिकुबाईनं तोंडावरचा पदर काढला.

सारिका बघत राहिली. मग मोरीवर जाऊन थुंकली, परत परत चुळा भरल्या. भिकुबाईनं तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि बोटानं गाल ताणला. आत पांढरा चट्टा होता.

"अक्का, काय दिखस?"

तिनं सुनेचा गाल हलकेच सोडला. खुंटीवरची धुळ्याच्या कागदांची पिशवी काढली, सारिकाच्या चपला तिच्यापुढे आणून ठेवल्या आणि स्वतः उघड्या तोंडानंच स्टँडच्या रस्त्याला लागली.