तबकातली मुळं

रानात वणवा लागून गेला की वरचं झाड मेल्यासारखं दिसतं. पण खाली काय चाललंय ते मुळालाच विचारावं लागतं. संस्थानच्या जंगलखात्यात असताना मला या चौकशीचा नादच लागला होता. बारीक मूळ हळूच वाकवायचं. जिवंत असेल तर लवतं, मेलेलं कट्कन मोडतं. मग नखानं खरवडायचं. जिवंत मुळाची साल लाकूड सोडत नाही, आत फिकट ओल दिसते. मेलेल्याची साल अंगरख्याच्या बाहीसारखी निघून हातात येते, आणि वास येतो तो कुबट.

शिवपुरीच्या वाटेवरचं तेंदूचं रान असंच जळालं. खात्यावरचे सरदार म्हणाले, "मेलं ते. बुंधे उपटा, घोड्यांना मैदान करा."

"सरकार, मुळं जिवंत आहेत. पावसाळ्यात फुटतील."

"मग दाखवा!"

ओल्या मातीसकट मुळं पोत्यात बांधून मी लष्कर पेठेतल्या घरी आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीतून परततो तर काय, गच्चीवर पापडांच्या शेजारी, लूच्या भाजणाऱ्या वाऱ्यात, मुळं स्वच्छ धुऊन पसरलेली!

"अहो, सरदारांपुढे काय चिखल नेणार होतात?" बायको म्हणाली. "आता तबकात ठेवून वर जरीचा रुमाल घालते. नजराणा कसा नजराण्यासारखा दिसला पाहिजे."

"अगं, मारलंस त्यांना!"

"उपटून आणलीत तुम्ही, आणि मारलं मी?"

बोलावणं त्याच संध्याकाळचं होतं, तबक घेऊन गेलो. सरदारांनी रुमाल उचलला, एक मूळ माझ्याच रीतीनं वाकवलं. कट्. दुसरं. कट्.

"वा! तुमच्याच परीक्षेत तुमचं रान नापास!"

"सरकार, रान नाही, तबक नापास झालं. दरबारी थाटासाठी घरी धुऊन वाळवलेली आहेत ती. जमिनीतलं मूळ एकदा स्वतः वाकवून बघा, मग खुशाल उपटा."

ते हसले, पण रानात आले. पगडी सावरत राखेत उकिडवे बसले. मी माती उकरली. त्यांनी मूळ धरून वाकवलं. लवलं! पुन्हा वाकवलं. नखानं खरवडलं, हुंगलं. मग इकडेतिकडे पाहून चक्क दाताखाली धरलं.

"तुरट आहे हो!"

"मेलेलं इतकं चिडत नाही, सरकार."

त्यांनी थुंकून तोंड पुसलं. "घोडे दुसरीकडे न्या," ते म्हणाले, आणि पुढच्या बुंध्याकडे बोट दाखवलं. "आता त्याचं मूळ उकरा बघू."